पाहणारा एक, राखणारा दुसरा

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या टेबलावर उघडावा, तिथला अडलेला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि हे चालू असताना मधल्या कोणाला त्यातले काही दिसू नये, ही सोय आता इतकी सरावाची झाली आहे की ती एकाच हातातून एकाच वेळी उतरली असेल असे वाटावे. तसे झालेले नाही. पडदा दुरून पाहण्याची एक अत्यंत पसरलेली रीत इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये घडली, आणि ती वाट परक्या नजरेपासून राखण्याची रीत फिनलंडमध्ये. दोन्ही १९९० च्या दशकातल्या, पण दोन्हींच्या मागची गरज निराळी होती. केंब्रिजच्या मंडळींना पडदा हवा तिथे नेता यायला हवा होता. फिनलंडमधल्या संशोधकाला चोरीला जाणारे पासवर्ड वाचवायचे होते. दोहोंची सांगड वापरणाऱ्यांनी नंतर घातली. हे वेगळेपण अनेकांना उणीव वाटते, जे आधीच एकत्र हवे होते ते उशिरा जोडले गेले असे ते म्हणतात. या इतिहासातले पुरावे मला उलट दिशेला नेतात. पाहण्याचे काम आणि राखण्याचे काम जिथे वेगळे राहिले तिथे ही पद्धत टिकली, दुरुस्त होत गेली. जिथे ती दोन्ही कामे एका बंद पेटीत मिसळली तिथे एकाच्या चुकीने दुसरेही उघडे पडले.

दुरून पाहण्याची कल्पना संगणकांच्या जाळ्याहूनही थोडी जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिले, त्यात ते स्वतः सभागृहात बसले होते आणि संगणक होता सुमारे पन्नास किलोमीटर लांब, मेन्लो पार्कच्या संशोधन संस्थेत. तिथल्या पडद्याचे चित्र मायक्रोवेव्ह दुव्यांवरून सभागृहात येत होते आणि एंगलबार्ट यांच्या माऊसच्या व कळफलकाच्या हालचाली मोडेमवरून उलट दिशेने जात होत्या. चित्र इकडे, कळा तिकडे, हा आराखडा तेव्हाच पुरा झालेला दिसतो. पण ती वाट त्या एका कार्यक्रमापुरती बांधलेली होती, तिच्यावर दुसरा वाटसरूच नव्हता. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९६९ ला, अर्पानेट या संगणकजाळ्यावरून लॉस एंजेलिसहून त्याच संस्थेच्या संगणकात शिरण्याचा पहिला प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होती, म्हणून बिघाड कुठे झाला ते लगेच कळले आणि तासाभरात दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. जाळ्याचा पहिला संदेश हाच मुळी दूरच्या यंत्रात शिरण्याचा प्रयत्न होता, आणि दूरच्या दुरुस्तीचा पहिला प्रसंगही त्याच रात्रीचा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. या परंपरेतून आलेला टेलनेट १९८३ मध्ये प्रमाण म्हणून निश्चित झाला. तो पासवर्ड जसाच्या तसा, उघड्या अक्षरांत पाठवत असे. जाळ्यावर मोजक्या संस्था आणि ओळखीची माणसे होती तोवर हे खपून गेले.

अक्षरांकडून चित्रांकडे जाण्याचा मोठा प्रयत्न एमआयटीतला. १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो पद्धतीची सुरुवात केली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ची, आणि लिनक्सच्या जगात ती अजूनही चालते. एक्समध्ये प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडते. जाळ्यावरून चित्र जात नाही, चित्र काढण्याच्या आज्ञा जातात: इथे रेघ ओढ, इथे ही अक्षरे लिही. कल्पना सुंदर होती. दुरुस्तीला बसलेल्या माणसाला मात्र तिच्यात दोन अडचणी येत. जोडणी तुटली की खिडकीबरोबर तो प्रोग्रॅमही सहसा संपून जाई. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्याच्या पडद्यावर या क्षणी जे दिसते आहे नेमके तेच आपल्याला दाखव, असे एक्सला सहज सांगता येत नव्हते. अडलेल्याला जे दिसते ते मदतनिसाला दिसले नाही तर मदत अंदाजावर चालते. सुरक्षेची बाजू आणखी कच्ची होती. खिडकी उघडत नाही म्हणून वैतागलेला माणूस एक्सहोस्टची एक छोटी आज्ञा देऊन सर्व यंत्रांना परवानगी देऊन टाकी, आणि मग जाळ्यावरचा कोणीही त्याचा पडदा वाचू शके, त्याने दाबलेल्या कळाही टिपू शके. परवानगीची व्यवस्था एक्समध्ये होती; पण पाहण्याच्या यंत्रणेतच ती गुंतलेली असल्याने, काम अडले की ती पहिल्यांदा ढिली केली जाई.

केंब्रिजची ऑलिवेट्टी संशोधन प्रयोगशाळा याच अडचणींकडे दुसऱ्या बाजूने पोहोचली. अँडी हॉपर यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रयोगशाळेत माणसे छातीवर बिल्ल्यासारखे छोटे उपकरण लावून फिरत. माणूस कोणत्या खोलीत आहे हे त्यावरून कळे, आणि त्याचा चालू पडदा त्या खोलीतल्या संगणकावर हलवण्याचे प्रयोग तिथे झाले. व्हिडिओटाइल नावाचे एक उपकरणही त्यांनी बनवले होते, ज्यात पडदा आणि लेखणी होती, बाकी सारे काम जाळ्यापलीकडचा संगणक करी. ते उपकरण बाजूला ठेवून केवळ सॉफ्टवेअरने तेच साधायचे, या विचारातून व्हीएनसी जन्मले. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांचा त्यावरचा निबंध १९९८ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी असलेला नियम एका वाक्यात सांगता येतो: पडद्याच्या या जागी रंगीत ठिपक्यांचा हा आयत ठेव. खिडकी म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, विंडोज कोणते आणि युनिक्स कोणते, हे पाहणाऱ्या बाजूला काहीच माहीत नसते. पाहणाऱ्याने मागावे तेव्हाच नवे आयत यावेत असा शिरस्ता ठेवल्याने संथ वाटेवर चित्रे तुंबत नाहीत, मधली सोडून ताजे चित्र येते. पाहणाऱ्याकडे साठवलेले असे काही नसतेच. म्हणून जोडणी तुटली तरी दूरचे काम चालू राहते, आणि दुसऱ्या यंत्रावरून पुन्हा जोडले की माऊसचा बाण जिथे होता तिथेच सापडतो. पाहण्याचा प्रोग्रॅम इतका लहान होता की तो फ्लॉपीवरून थेट चालवता येई. कमी जाणण्यात किती बळ असते याचा संगणकाच्या इतिहासात याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. प्रयोगशाळा १९९९ मध्ये एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली, पण सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली दिलेले असल्याने ते प्रयोगशाळेबरोबर बुडाले नाही. त्याच वर्षी तिथल्याच काही जणांनी रियलव्हीएनसी ही कंपनी काढली, आणि इतरांनी आपापल्या आवृत्त्या केल्या.

या सगळ्यात राखणीचा भाग अगदी तुटपुंजा होता. मूळ व्हीएनसीमध्ये पासवर्डची आठच अक्षरे जमेस धरली जात. सर्व्हर सोळा बाइटांचे एक यादृच्छिक आव्हान पाठवी, पाहणारा ते पासवर्डच्या आधारे डीईएस पद्धतीने कूटबद्ध करून परत देई, आणि एकदा आत घेतले की पुढचे सगळे आयत आणि सगळ्या कळा उघड्या जात. आत शिरताना पासवर्ड झाकलेला, पण आत गेल्यावर त्याच पडद्यावर टाइप केलेला बँकेचा पासवर्ड उघडा, अशी ही स्थिती. २०११ मध्ये हा प्रोटोकॉल आरएफसी ६१४३ म्हणून नोंदला गेला तेव्हा त्या दस्तऐवजातच ही पडताळणी दुबळी आहे आणि अविश्वासू जाळ्यावर वापरण्यासाठी नाही, असे स्पष्ट नमूद केले आहे.

फिनलंडमध्ये याआधीच वेगळी घटना घडून गेली होती. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपले. त्या हल्ल्यानंतर तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच हे कूटबद्ध जोडणीचे साधन लिहिले आणि जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुले केले. पोर्टसाठी, म्हणजे यंत्राच्या जाळ्याकडच्या क्रमांकित दारासाठी, त्याने मागितलेला क्रमांक होता २२. एका बाजूला फाइली हलवणाऱ्या एफटीपीचा २१, दुसऱ्या बाजूला टेलनेटचा २३, आणि ज्यांची जागा घ्यायची त्या दोघांच्या मधली ही रिकामी जागा त्याला मिळाली. वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांत सुमारे वीस हजार लोक ते वापरत होते असा अंदाज आहे. दूरच्या यंत्राला आज्ञा देणे हे त्याचे पहिले काम. पण युलोनेनने त्यात आणखी एक सोय ठेवली: आपल्या यंत्रावरच्या एखाद्या पोर्टवर येणारे काहीही घ्यावे, कूटबद्ध वाटेने पलीकडे न्यावे आणि तिथल्या हव्या त्या पोर्टवर सोडावे. आतून काय जाते आहे याची चौकशी ही वाट करत नाही. व्हीएनसीला पडद्यावर काय आहे ते कळत नाही, एसएसएचला वाटेवरून काय जाते ते कळत नाही. म्हणूनच, एकमेकांसाठी न बनवलेल्या या दोन गोष्टी एकमेकींत चपखल बसल्या. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेने स्वतःच व्हीएनसीची वाट एसएसएचमधून कशी न्यावी याच्या सूचना दिल्या होत्या.

ही सांगड बिघाड शोधताना किती उपयोगी पडते ते पाहिले म्हणजे वेगळेपणाचे मोल कळते. व्हीएनसीचा पहिला आभासी पडदा ५९०१ या पोर्टवर असतो, दुसरा ५९०२ वर. सर्व्हरला सांगून ठेवायचे की फक्त स्वतःच्या यंत्रावरून येणारी जोडणी घे. मग बाहेरच्या जगाला ते पोर्ट दिसतच नाही आणि आत येण्याची वाट एसएसएचमधूनच उरते. आता समजा पडदा उघडत नाही. एसएसएचने परवानगी नाकारली तर दोष किल्लीत किंवा खात्यात आहे, व्हीएनसीला हात लावण्याचे कारण नाही. एसएसएच उघडले पण पुढची जोडणी नाकारली गेली, तर वाट ठीक आहे आणि पलीकडे त्या क्रमांकावर कोणी ऐकत नाही: सर्व्हर बंद पडला असेल, नाहीतर पडद्याचा क्रमांक चुकला असेल. पासवर्डही लागला आणि समोर नुसता राखाडी पडदा, त्यावर फुलीसारखा बाण, असे झाले तर नवशिका हताश होतो. जाणकाराला मात्र यातून पुष्कळ कळते, कारण वाट, पडताळणी आणि चित्र ही तिन्ही चालू आहेत, फक्त दूरच्या यंत्रावर डेस्कटॉप सुरू करणारी छोटी फाइल चुकली आहे. प्रत्येक थर वेगळा असल्यामुळे प्रत्येक थर वेगळा तपासता येतो. आणि दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे असा इशारा एसएसएच देते तेव्हा थांबायचे असते. यंत्र नव्याने उभारले असेल तर तो इशारा निरुपद्रवी असतो, पण मध्ये कोणी तोतया बसला असेल तर सावध करणारा तेवढाच एक आवाज असतो. लोक तो घाईने ओलांडतात, हे या पद्धतीतले खरे दुखणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की केंब्रिजकरांनी एन्क्रिप्शन घातले नाही हा निव्वळ हलगर्जीपणा होता, त्याला शहाणपण म्हणू नये. त्यांना भविष्य दिसत होते असा माझा दावा नाही. पण परिणाम पाहावेत. मे २००६ मध्ये रियलव्हीएनसीच्या ४.१.१ या आवृत्तीत असा दोष उघड झाला की पाहणाऱ्याने पडताळणी नको असे सांगितले तर सर्व्हर, तो पर्याय देऊ केलेला नसतानाही, त्याला आत घेई. ज्यांनी फक्त व्हीएनसीच्या पासवर्डवर भिस्त ठेवली होती त्यांचे पडदे उघडे पडले. ज्यांचे सर्व्हर एसएसएचच्या आड होते त्यांच्यापर्यंत बाहेरचा माणूस पोहोचूच शकला नाही. उलट बाजूही तशीच. एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत गंभीर दोष निघाले, दुसरी आवृत्ती आली आणि जानेवारी २००६ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. या सगळ्या काळात व्हीएनसीची एक ओळही त्यासाठी बदलावी लागली नाही. जुने कुलूप काढले, नवे लावले, दार तेच राहिले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचनाच्या साधनातून एसएसएचमध्ये चोरवाट घुसवण्याचा प्रयत्न झाला, तोही उघडकीला आला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडल्यामुळे. आपल्या एकाच कामापुरते जे असते, त्याचा असा सूक्ष्म अडखळाही लक्षात येऊ शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी या दूरचा पडदा दाखवणाऱ्या पद्धतीत पाहणे आणि राखणे पहिल्यापासून एकत्र होते, एन्क्रिप्शनही होते, आणि चित्राच्या आज्ञा पाठवल्यामुळे संथ जाळ्यावर ते व्हीएनसीपेक्षा चपळ चाले. १९९८ च्या टर्मिनल सर्व्हरपासून आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून कचेऱ्यांमध्ये तेच रुजले. चपळाईचा मुद्दा निर्विवाद मान्य आहे. राखणीचा इतिहास मात्र माझ्याच बाजूने बोलतो. सुरुवातीच्या आरडीपीत वाहतूक कूटबद्ध होती, पण सर्व्हर खरा की खोटा याची खात्री धड होत नव्हती. त्यासाठीची गुप्त किल्ली प्रत्येक प्रतीत तीच घातलेली होती, आणि २००५ मध्ये ते उघड झाले. त्या सुमारास आणि पुढे मायक्रोसॉफ्टने जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. आधी टीएलएस ही वेब-ब्राउझर वापरतात तीच स्वतंत्र पद्धत आणली, आणि विंडोज व्हिस्टाच्या वेळी असा नियम आणला की पडदा उभा राहण्याच्या आधीच माणसाची ओळख पटली पाहिजे. म्हणजे राखणदाराला पाहणाऱ्यापासून सोडवून दाराबाहेर उभे केले. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाने गाजलेला दोष बाहेर आला. आरडीपीतून ओळख न देताच जुन्या विंडोज यंत्रांचा ताबा घेता येत होता. तो इतका धोकादायक होता की २०१४ मध्येच आधार थांबवलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. पण जिथे ती आधीची ओळखपरेड चालू होती तिथे खाते नसलेल्या हल्लेखोराला त्या दोषापर्यंत जाता येत नव्हते.

तिसरा आक्षेप सामान्य माणसाच्या बाजूचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. पोर्ट, किल्ल्या, बोगदे हे सगळे जाणकारांचे. ज्याचा प्रिंटर अडला आहे त्याने काय करावे? २००५ मध्ये जर्मनीतल्या टीमव्ह्यूअरने आणि पुढे ॲनीडेस्कने याचे उत्तर दिले: एक क्रमांक सांगा, मधला सर्व्हर दोघांची गाठ घालून देईल. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या कित्येकांची कचेरी अशाच साधनांवर चालली, आणि मुलांपासून लांब राहणाऱ्या आईवडिलांचे संगणक आजही यांच्यामुळे दुरुस्त होतात. ही सोय नाकारणे अन्यायाचे होईल. पण तिची किंमतही सांगितली पाहिजे. पाहणारा, राखणारा आणि गाठ घालून देणारा एकाच कंपनीत असले की त्या कंपनीच्या घरातली चोरी सगळ्या गिऱ्हाइकांची काळजी होते. सिमँटेक कंपनीच्या पीसीएनीव्हेअर या अशाच साधनाचा २००६ मध्ये चोरीला गेलेला मूळ कोड उजेडात आला तेव्हा, २०१२ मध्ये, सिमँटेकला आपल्याच ग्राहकांना ते साधन तूर्त बंद ठेवा असे सांगावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून संकेतस्थळावरचे पासवर्ड रद्द केले.

राहिला तो प्रश्न ज्यापुढे एन्क्रिप्शन निरुत्तर आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले: बँकेचा माणूस असल्याची बतावणी करून फोन येतो, ॲनीडेस्क घ्यायला लावतात, त्यात दिसणारा नऊ अंकी क्रमांक विचारून घेतात, आणि मग फोनचा पडदा पाहून यूपीआयवरून पैसे काढतात. इथे वाट पूर्ण सुरक्षित असते. चोरसुद्धा कूटबद्ध वाटेनेच येतो, आणि मालकाने स्वतः दार उघडलेले असते. यावरून राखणीचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हे की इथेही कामे पुरेशी वेगळी केली गेली नाहीत. पाहू देणे वेगळे, हात लावू देणे वेगळे, आणि काही गोष्टी कोणालाच न दाखवणे आणखी वेगळे. एक्सपीच्या दूरस्थ साहाय्यात २००१ मध्ये हा विवेक होता: आधी निमंत्रण, मग नुसते पाहणे, ताबा घ्यायचा तर पुन्हा वेगळी परवानगी, आणि एस्केपची कळ दाबताच ताबा परत. पुढच्या विंडोजमध्ये प्रशासकीय मंजुरीचा चौकोन आला की मदतनिसाचा पडदा काळा होऊ लागला. अँड्रॉइडवर तर प्रत्येक ॲपला आपली खिडकी टिपू न देण्याचा हक्क आहे, आणि तो वापरणारे बँकेचे ॲप उघडताच पडदा पाहणाऱ्याला, मग तो भाचा असो वा भामटा, त्या जागी फक्त काळे दिसते.